बिनरंगाची नळी

आमच्या घरच्या वरणाला रेझिनचा वास येतो, असं माझ्या मामाचं ठाम मत होतं, आणि तरीही ते वरण तो दोनदा मागून घ्यायचा. वास येत असणारच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या आमच्या घरात पुढच्या अंगाला बाबांचं फायबरचं वर्कशॉप होतं, मागच्या अंगाला स्वयंपाकघर, आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा, जो बाबांच्या रेझिनने ओल्या हातांमुळे जागोजागी इतका कडक झाला होता की बाजूला सारला की वाजायचा. बाबा कूलरच्या टाक्या करायचे, न्हाणीघराची दारं, शाळांच्या खुर्च्या, राइस मिलवाल्यांना धान ओतायच्या पन्हाळी, आणि वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या गावच्या विहारासाठी बुद्धमूर्ती. साच्यावर काचेचं कापड पसरायचं, ब्रशने रेझिनचं चिकट रसायन चोपडायचं, रोलर फिरवून मधली हवा काढायची, वर पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. वाळलं की दगड. त्या कापडाचे बारीक तंतू बाबांच्या अंगात शिरायचे म्हणून मे महिन्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. संध्याकाळी आई कणकेचा एक गोळा घेऊन बसायची आणि त्यांच्या मनगटांवरून, मानेवरून फिरवून काच टिपून काढायची. तो गोळा ती फेकून द्यायची, पण हे मी मामाला कधी सांगितलं नाही. पोळी खाताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आत्मकथन लिहायचं तुझं वय झालेलं नाही, असं माझी मुलगी म्हणते. माझे गुडघे काही वेगळंच म्हणतात. शिवाय ज्या नळीविषयी मला लिहायचं आहे ती आता माझ्या टेबलाशेजारी उभी आहे, तिच्यात मुलगी छत्र्या ठेवते, आणि ती काय आहे हे तिला अजून नीट ठाऊक नाही. म्हणून हे लिहून ठेवलेलं बरं.

बाबांचा एक धर्म बुद्धाचा आणि दुसरा रंगाचा. फायबरला रंग वरून फासत नाहीत, रंगाची पेस्ट रेझिनमध्येच कालवतात, म्हणजे वस्तू आरपार त्या रंगाची होते आणि खरचटली तरी आत तोच रंग निघतो. रंग न घालता केलेली वस्तू मात्र ताकाच्या निवळीसारखी दिसते, किंचित पिवळट, अर्धवट आरपार. उन्हात धरली की तिच्यातला धागा न् धागा दिसतो, आणि कुठे हवा अडकून बुडबुडा राहिला असेल तर तोही. बाबांना ते सहन व्हायचं नाही. "नागडा माल आपल्या दुकानातून जात नाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, जणू गिऱ्हाइकाने तसं काही मागितलं होतं. टाकी तयार झाली की तिच्यावर कान ठेवून बोटाच्या पेराने सगळीकडून ठोकायचे. टक, टक, टक. पोकळ आवाज आला की तिथे खूण करून पुन्हा कापड चढवायचे. आम्हा घरच्यांना त्या आवाजाची इतकी सवय होती की ठोकणं थांबलं की आई आतून विचारायची, "झाली का जी टाकी?"

दहावीनंतर मी चंद्रपूरला पॉलिटेक्निकला होते. आठवडाभर तिथे खोलीवर, शनिवारी गाडीने घरी. आमच्या बोरकर सरांना रॉकेटचं वेड होतं. दिवाळीतल्या बाणांचं नव्हे. दोन-अडीच हात लांब, शेपटीला पंख, डोक्याला टोपी आणि पोटात घडी घातलेली छत्री असलेल्या खऱ्या रॉकेटचं. इंजिन सर नागपूरहून परवानगीच्या कागदासकट पेटीत आणायचे आणि त्या पेटीला हात लावायची आम्हाला सक्त मनाई होती. बाकी सगळं आम्ही करायचो. क्लबात मुलं पाच आणि मुलगी मी. आमचं पहिलं रॉकेट पुठ्ठ्याच्या नळीचं होतं आणि ते चंद्रपूरच्या दमट हवेत उडायच्या आधीच मऊ पडलं. दुसरं उडालं, पण वर जाऊन कमरेत वाकलं. सर म्हणाले, आता फायबरग्लासची नळी पुण्याहून मागवू. आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, उभी राहिले. "सर, माझे बाबा करतील."

बाबा काय करतात, असं सरांनी विचारलं. वर्षभर मी वर्गात "इंजिनिअरिंग वर्क्स" असं मोघम सांगत आले होते. त्या दिवशी तोंडातून खरं निघालं, "कूलरच्या टाक्या." मागून कोणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "चालेल. एक संधी. पण रंग टाकू नका म्हणावं. मला भिंतीच्या आतलं दिसलं पाहिजे. एक जरी बुडबुडा दिसला तरी नळी बाद, कारण इंजिनचा धक्का बसला की ती तिथेच फुटेल. आणि हवेत नळी फुटली तर आपला क्लब बंद होईल, सुजाता." मी मान हलवली. म्हणजे बाबांच्या हातच्या कामाला माझं पूर्ण नाव लावून मी मोकळी झाले होते.

त्या शनिवारी जेवताना हा विषय काढला. आईने लाखोरीची डाळ केली होती आणि तव्यावरून एकेक आयता उलथत होती. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ घावन, ते गरमच खायचे असतात, त्यामुळे त्या जेवणात कोणी कोणाचं पूर्ण ऐकत नसे. बाबांना रॉकेट लगेच पटलं. मनात नळीचा साचाही तयार झाला: लोखंडी पाइप, त्यावर मेण, त्यावर कापड गुंडाळायचं. फक्त रंगापाशी ते अडले.

"बिनरंगाची? काऊन? सरले म्हणा, निळी देतो, पांढरी देतो."

"सरांना आत पाहायचं आहे, बाबा. बुडबुडे आहेत का ते."

"म्हंजे माह्या कामावर भरोसा नाई त्याह्यचा?"

मामा मध्येच म्हणाला की रंगाने वजन वाढेल. बाबा म्हणाले, रंगाचं वजन ते किती, तुह्या मिशीएवढं. मी म्हणाले, बिनरंगाची असली तर आत छत्री नीट बसली की नाही तेही बाहेरून दिसेल. बाबा म्हणाले, रंगाची असली तर पुन्हा रंगवायची कटकट नाही. मामा म्हणाला, काळी नको, उन्हात तापेल. अशी आमची शास्त्रीय चर्चा तिसऱ्या आयत्यापासून सातव्यापर्यंत चालली. आई तव्यापाशी पाठमोरी बसून म्हणाली, "हे पडन कुठी पण? आता सगळीकडं धानाच्या बांध्या हायेत. सापडन अशा रंगाची करा म्हंजे झालं." बाबा म्हणाले, "तू आयता टाक." आणि आम्ही सगळे पुन्हा बुडबुड्यांकडे वळलो. त्या बाईचं ऐकलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

पुढच्या शनिवारी घरी आले तर वर्कशॉपच्या मधोमध स्टुलावर नळी उभी होती. गुळगुळीत, सरळ, पंखसुद्धा त्याच मालाचे करून चिकटवलेले. आणि हिरवीगार. निळी पेस्ट कूलरच्या हंगामात संपली होती, पांढरी मूर्तीसाठी राखून ठेवली होती. उरली होती मिलवाल्यांची हिरवी. बाबा शेजारी हात पुसत उभे होते आणि चेहरा असा, की आता मी टाळ्या वाजवणार.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी उड्डाण होतं, परवानगीच्या कागदावर तारीख पडलेली होती, दुसरी नळी करायला वेळ नव्हता. "बाबा, मी बिनरंगाची सांगतली होती ना!"

"अव, उघडी पाठवाले मन नाई झालं."

तेव्हा मी जे बोलले ते आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. "मन नाई झालं का बुडबुडे झाकाचे होते?"

बाबांनी रोलर उचलला, तो स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसत बसले. रात्री जेवायला आले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटूनही मी माफी मागितली नाही, कारण मी सतरा वर्षांची होते आणि माझं बरोबर होतं.

सकाळी मी ती नळी जुन्या चादरीत गुंडाळून उचलली. मूलबाहेरच्या एका पडीक माळावर क्लब जमला होता. सरांनी चादर उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. नळीच्या तोंडातून आत डोळा लावला, आत काळोख. "रंग नको म्हटलं होतं." मागे दहा पावलांवर बाबा सायकल धरून उभे होते, धुतलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. मी म्हणाले, "सर, आत एकही बुडबुडा नाही. मी स्वतः पाहिलंय." मी काहीही पाहिलेलं नव्हतं. पण बाबा ऐकत होते, आणि आदल्या संध्याकाळचं माझं वाक्य मला कसंही करून परत घ्यायचं होतं. सर नळी चादरीवर ठेवत म्हणाले, "तुझ्या शब्दावर हं."

आम्ही मुलांनी दोरीची कडी आणि छत्री बसवली, सरांनी इंजिन घातलं. रॉकेट सूंऽऽ करत असं गेलं की आमच्या माना मागे पडल्या. पार वर गेल्यावर एक फट्‌ असा आवाज आला आणि छत्री उघडली. छत्री आईच्या जुन्या केशरी परकराची होती, ही गोष्ट तोपर्यंत फक्त घरात माहीत होती. ती डुलत डुलत एका पळसाच्या झाडावर जाऊन बसली. आम्ही ओरडत धावलो. परकर होता, दोरी होती, दोरीच्या टोकाला नळी नव्हती.

मग चार तास आम्ही बांध्या तुडवल्या, धानाच्या वावरांमागून वावरं. म्हणजे धुऱ्यांवरून, मधल्या बांधांवरून चाललो, कारण लावणी झालेल्या धानात पाय घातला की कुठून ना कुठून कोणीतरी ओरडायचंच, "का बे पोट्टेहो, धान तुडवता का?" श्रावण संपत आलेला, धान गुडघ्याच्या वर, जिकडे बघावं तिकडे एकच रंग, आणि आम्ही त्यात त्याच रंगाची नळी शोधतोय. आपण काय केलं हे मला तिसऱ्या धुऱ्यावर कळलं. एक मुलगा म्हणाला, "तो फट्‌ आवाज छत्री उघडल्याचा होता की नळी फुटल्याचा?" सर शेवटी म्हणाले, "फुटलीच असेल. दोरी उगाच सुटत नाही." ते हळूच म्हणाले, पण बाबा जवळ आले होते. त्यांनी झाडावरून काढलेला परकर घडी करून खांद्याच्या दुपट्ट्यात लपवला आणि सायकल वळवली.

क्लब बंद झाला नाही, पण सरांनी पुण्याहून नळ्या मागवल्या. करड्या रंगाच्या होत्या. मी क्लबात जात राहिले, कोणी मला काही बोललं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. दर शनिवारी मी पडदा सारला की बाबा विचारायचे, "सापडली?" मी नाही म्हणायचे. पोळा गेला, गणपती गेले, त्यांनी विचारणं सोडलं. टाक्या आता निळ्या आणि पांढऱ्याच व्हायला लागल्या. हिरव्या पेस्टचा डबा फळीवर सगळ्यात मागे गेला. फुटली असेल तर मी सरांना दिलेला शब्द खोटा, आणि बाबांचा माल खोटा; हे आम्ही दोघंही मनात धरून बसलो होतो आणि एकमेकांशी कूलरबद्दल बोलत होतो.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी घरात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होते. जवळच्या खेड्यातले पुंडलिकभाऊ टाकीचं झाकण न्यायला आले. फळीवर मागे सरकवलेल्या हिरव्या डब्याकडे बघून त्यांनी झाकण खाली ठेवलं. मग म्हणाले, "भाऊ, हा हिरवा रंग फॉरेस्टवाले तुमच्याकडूनच नेतेत का?"

"कोणते फॉरेस्टवाले?"

"अजी, आमच्या बांधीत नळी गाडली ना त्याह्यनं. पोळ्याच्या आगुदर. हाच रंग. वरतं तीन पाती हायेत."

माझ्या हातातली शेंग पडली. बाबांनी शांतपणे विचारलं, "फुटली हाय का?"

"आता ते मी काय सांगू? मी हात नाई लावला. सरकारी वस्तू. आमच्या साळ्यानं मागं झाडावरचा फॉरेस्टचा नंबर काढला होता त त्याले ऑफिसाच्या किती चकरा माराव्या लागल्या! मी मजुरीणबायांले सांगतलं, तिच्या भोवताली कापू नोका. काट्याचं कुंपण करून ठेवलं."

बाबांनी मला सायकलवर मागे बसवलं. आई म्हणाली मीही येते, आणि पुंडलिकभाऊंच्या बैलबंडीत चढून बसली. त्यांची बांधी लांबूनच ओळखू आली. सगळं धान कापून झालेलं, नुसती खुंटं उरलेली, आणि मधोमध गोल, आमच्या न्हाणीघराएवढा, पिकून पिवळ्या पडलेल्या धानाचा न कापलेला झुबका. भोवती बाभळीचे काटे. आणि त्या पिवळ्या धानात ठसठशीत हिरवी, डोकं चिखलात रुतवून, तीन पंख वर करून उभी असलेली आमची नळी. ती तिथे अडीच महिने उभी होती, आणि आम्ही शोधायला आलो त्या दिवशी बहुतेक वीस पावलांवरून गेलो होतो.

बाबांनी काटे सारले आणि दोन्ही हातांनी ती उपटली. दुपट्ट्याने चिखल पुसला. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. एक चरा नव्हता. दोरीची कडी तेवढी उपटून गेली होती, जी आम्ही क्लबातल्या मुलांनी बसवली होती. मी ओरडले, "फुटली नाई! बाबा, फुटली नाई!" आणि मला रडू आलं. पुंडलिकभाऊ घाबरून एक पाऊल मागे सरले.

बाबा मात्र हसले नाहीत. ते धुऱ्यावर बसले, नळीला कान लावला आणि पेराने ठोकायला लागले. टक, टक, टक. एका जागी आवाज बदलला. बोद. त्यांनी मला जवळ बसवलं, माझा कान तिथे लावला आणि पुन्हा ठोकलं. मग खाली आणखी एका जागी. "आयकलं? दोन हायेत." तेव्हा मला आठवलं की त्या शनिवारी नळी स्टुलावर उभी होती आणि बाबांनी ती माझ्यासमोर एकदाही ठोकली नव्हती.

"पयली बिनरंगाचीच केली होती म्या," ते म्हणाले, पुंडलिकभाऊंसमोर, आईसमोर. "उन्हात धरली त बुडबुडे दिसले. मोडून टाकली. दुसरी केली, तीबी तशीच. टाकीवर रोलर फिरते, सुजे. गोल नळी मी जिंदगीत केली नव्हती. शुक्रवार झाला. मंग रंग टाकला. तू मनलीस ते खरं होतं."

मी म्हणाले, "मी सरले सांगतलं, एकबी नाई म्हणून. म्या स्वतः पायलं म्हणून."

"आयकलं होतं मी," बाबा म्हणाले. "तवापासून जेवण नाई गेलं मले नीट."

आम्ही दोघं असे धुऱ्यावर बसलेले असताना पुंडलिकभाऊंना त्यांची अडचण आठवली. उद्या फॉरेस्टवाले आले आणि नळी कुठे म्हणाले तर? कोणी नेली ते लिहून द्या. बंडीतून त्यांनी मुलाची वही आणि पेन काढलं. बाबा शिकलेले सातवीपर्यंत, लिहायचं म्हटलं की टाळाटाळ करणारे. त्या दिवशी त्यांनी मांडीवर वही घेतली आणि एकच मजकूर दोनदा लिहिला. एक पान पुंडलिकभाऊंना दिलं. दुसरं माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे सरले दे. नळीसंगं दे." परतताना सायकलवर हात मोकळे हवेत म्हणून मी नळी आणि ते पान बंडीत आईजवळ दिलं.

सोमवारी मी नळी आणि ते पान सरांच्या टेबलावर ठेवलं आणि माझं खोटं सांगितलं. सर रागावतील म्हणून मी आधीच पंख्याकडे बघत उभी होते. त्यांनी आधी नळी ठोकून पाहिली, दोन्ही जागा सापडेपर्यंत. मग पान मोठ्याने वाचलं: "ही नळी मी केली आहे. सरकारची नाही. हिच्यात दोन बुडबुडे आहेत, रंगामुळे दिसत नाहीत, ती माझी चूक. पडली पण फुटली नाही. पुढची बिनरंगाची करून देईन, उन्हात धरून पाहून घ्यावी." खाली सही होती. मग त्यांनी पान उलटं केलं, कारण मागे, अगदी वेगळ्या, वळणदार अक्षरात आणखी एक ओळ होती, जी आईने बंडीत बसल्या बसल्या लिहिली होती आणि मलाही माहीत नव्हती.

"पाहून झाल्यावर बाहेरून लाल रंगवावी. हे मी आधीच सांगितलं होतं."